हवा बसवणारे मामा

मागच्या मार्चमध्ये समीना माझ्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन आली. ही आमची एम.टेक.ची विद्यार्थिनी. आष्ट्याची. वडिलांचं तिथं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. मुलगी अबोल, पण कामाला चोख. तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाली, "सर, कुठंतरी चुकलंय. तीनदा तपासलं, तरी सापडत नाही. वरून हवा आत येतीय."

स्क्रीनवर, संगणकानं गणित करून काढलेल्या चित्रात, दोन उंच भिंती होत्या. एक तापलेली, एक गार. दोन्हींच्या मध्ये उभी मोकळी जागा, खालून आणि वरून उघडी. तापलेल्या भिंतीलगतची हवा लाल रंगात वर चालली होती, तसं व्हायलाच हवं. पण वरच्या टोकाला, गार भिंतीच्या अंगानं, एक निळी पट्टी खाली उतरत होती. थोडी खाली जाऊन ती वळत होती आणि वर जाणाऱ्या हवेत मिसळत होती.

"चुकलेलं नाही," मी म्हणालो. तिला उद्या ये म्हणून सांगितलं.

वीस वर्षांपूर्वी याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एका माणसानं मला हेच सांगितलं होतं. वरून हवा आत येतीया, सर. मी ते खोटं ठरवलं. नुसतं मनात ठरवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. भरलेल्या सभागृहात उभा राहून मी त्याचा दोष त्या माणसावर टाकला. त्यांचं नाव नामदेव काळेल. आम्ही सगळे त्यांना काळेलमामा म्हणत असू. हे लिहितोय ते त्यांच्याविषयी. माझा भाग जेवढा लागेल तेवढाच येईल, आणि तो चांगला नाही.

सांगलीजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो त्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक कॉलेजची नव्हती. मामा तिथं उष्णतेच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचे. वडील मेंढरं राखायचे, भाऊ मुंबईला गोदीत. मामा तेवढे खाली सांगलीकडं आले आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून राहिले. उंच, काटकुळे, खाकी शर्टाच्या खिशात पेन्सिल. नववीपर्यंत शिकलेले. आकडा लिहिताना मात्र असा लिहायचे की छापल्यासारखा वाटावा.

त्यांची एक सवय नवीन माणसाला विचित्र वाटायची. बोलताना ते तोंडासमोर तळहात आडवा धरत. आपला श्वास उपकरणावर जाऊ नये म्हणून सुरू झालेली ही सवय पुढं अंगात मुरली होती. माझ्या लग्नात ते आले तेव्हाही माझ्या वडिलांशी तोंडावर हात धरूनच बोलले. वडिलांना वाटलं, दाढ दुखत असेल. त्यांनी लवंग मागवली. मामांनी ती घेतली, दाढेखाली धरली आणि जेवणं होईपर्यंत थुंकली नाही.

आमच्या लॅबमध्ये एक प्रयोग होता. उभा पत्रा मागून तापवायचा आणि त्याच्यालगतची हवा आपली आपण किती उष्णता घेऊन वर जाते ते मोजायचं. पंखा नाही, पंप नाही. बाजारातल्या बेकरीचं धुराडं ज्या कारणानं ओढतं तेच कारण. दिसायला हा प्रयोग सोपा, पण करायला सगळ्यात कंटाळवाणा. बटण दाबलं की लगेच काही होत नाही. पत्रा, हवा, खोली सगळं एका स्थितीला यायला दोन-दोन तास लागतात. तोपर्यंत खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही, कुणी इकडून तिकडं फिरायचं नाही. कुणी नुसतं दार ढकललं तरी आकडे हलतात.

मामा याला "हवा बसवणं" म्हणत. दही लावल्यासारखं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते खिडक्या लावत, हीटर चालू करत आणि दारावर स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी अडकवत: "आत हवा बसवली आहे. दार उघडू नये. ना. बा. काळेल." पोरं त्या पाटीवर हसायची. एकानं खाली खडूनं लिहिलं होतं, "हवा उठल्यावर कळवावे." मामांनी ते पुसलं नाही. "बराबरच लिवलंय की," म्हणाले.

एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली. प्राचार्य त्यांना घेऊन लॅबच्या दाराशी आले, तर पाटी. प्राचार्यांनी दार वाजवलं. मामांनी आतून काचेला तोंड लावलं, तोंडावर हात धरला आणि म्हणाले, "वीस मिन्टं थांबा सायेब. आत्ता हात लावला तर दोन तास वाया जात्याल." प्राचार्यांचा चेहरा उतरला. समितीचे अध्यक्ष म्हणून एक म्हातारे प्राध्यापक आले होते. ते पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसले. सगळी समिती उभी, ते एकटे बसलेले. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी मामांना विचारलं, "हवा बसली हे तुम्हाला कसं कळतं हो?"

"आंगाला लागंना म्हंजी बसली," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "आन् मीटरचा काटा लागोपाठ तीन बारीला त्योच आकडा सांगतो. दोन बारीला सांगितला तर इस्वास ठिवायचा न्हाई."

अध्यक्षांनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. मी शेजारीच उभा होतो. नुकताच लेक्चरर म्हणून लागलो होतो आणि आपल्या विभागात असा माणूस आहे याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पोरांची आणि मामांची खरी जुंपायची ती जर्नलवरून. दोन तास कोण थांबणार? मागच्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवायचे, प्रयोग केल्यासारखं दाखवायचं आणि सही घ्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मीही विद्यार्थी असताना तेच केलं होतं. सही शिक्षक करायचे, पण जर्नल आधी मामांच्या हातातून जायचं. एका एप्रिलमध्ये तिघांनी जर्नलं पुढं केली. मामांनी पहिल्या पानावर नजर टाकली.

"खोलीचं तापमान चोवीस?"

"हो मामा."

"आज?"

"आजच घेतलं ना मामा, तुमच्यासमोर."

"सांगलीत, एप्रिलात, भर दुपारी चोवीस. प्रॅक्टिकल म्हाबळेश्वरला घेतलं का काय, गड्या?" मामांनी जर्नल मिटलं. "ही रीडिंगं दोन वर्सामागच्या जानेवारीतली हायती. शिंद्याच्या पोरानं घेतली हुती. चांगली घेतली हुती. त्येची त्येच्यापाशी ऱ्हाऊ द्या. बसा आता."

पोरं बसली. मामा त्यांच्याबरोबर बसले. पाच वाजून गेले, शेवटची एस.टी. निघायची वेळ झाली, तेव्हा कुठं रीडिंग संपलं. त्यातल्या एकाचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा बराच वेगळा आला होता. तो खाडाखोड करायला लागला तर मामांनी त्याचा हात धरला. "जे दिसलं त्ये लिव. वेगळं आलं म्हंजी वंगाळ आलं आसं न्हवं. का आलं त्ये सर सांगतील."

सर म्हणजे मी.

मामांचं स्वतःचं एक रजिस्टर होतं. लांबट, जाड पुठ्ठ्याचं. त्यात ते घेतलेलं प्रत्येक रीडिंग पेन्सिलीनं नोंदवत. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, बाहेर वारा आहे की नाही, खोलीत किती माणसं. शेवटच्या रकान्यात शेरा. "बाहेर ढग." "मधी लाइट गेली, परत घेतलं." "मगदूम सर शिंकले." हे रजिस्टर त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी तपासतही नव्हतं. न पाहिलेला आकडा आपण आयुष्यात लिहिला नाही, हे ते फुशारकीनं सांगत नसत. पण ते त्यांना फार महत्त्वाचं होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शिपायाच्या नोकरीत माणसाला स्वतःचं म्हणून फारसं काही मिळत नाही. मामांनी एवढं कमावलं होतं.

मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा विषय हाच घेतला. दोन उभे पत्रे समोरासमोर, एक तापवलेला, एक तसाच गार. मधलं अंतर कमीजास्त करायचं आणि हवा कशी वाहते ते पाहायचं. वर्कशॉपमधून पत्रे कापून आणण्यापासून सगळं मामांनी माझ्याबरोबर केलं. तीन वर्षं. तापमान मोजायच्या बारीक तारा पत्र्यावर चिकटवणं हे डोळे फोडणारं काम, तेही त्यांनीच. हवा कुठल्या दिशेला जाते ते कळायला धूर वापरावा तर धुराचीच उष्णता लागते, म्हणून ते गावाहून लोकरीचे धागे घेऊन आले. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, पिंजून केसासारखी केलेली. ती तारेच्या टोकाला बांधली की नुसत्या कुजबुजीनंही हलायची.

मी त्यांना सिद्धांत सांगायचो, गरम हवा हलकी होते आणि वर जाते. एकदा ते म्हणाले, "आवं सर, ती आपसूक जात न्हाई. खालची गार हवा रेटा देती म्हणून जाती." पुस्तकात हेच दोन पानांत लिहिलेलं होतं.

अंतर वाढवत वाढवत आम्ही वीतभर रुंदीपर्यंत आलो. शेवटची चार रीडिंगं उरली होती. रविवार धरला होता, कॉलेज रिकामं असतं म्हणून. त्या रविवारी मलकापूरला माझ्या मेव्हण्याची घरभरणी निघाली. मामा म्हणाले, "जावा तुमी. मी घिऊन ठिवतो." मी गेलो, पुरणपोळी खाल्ली, दुपारी झोपलोही.

सोमवारी सकाळी मामा लॅबच्या दारातच उभे होते. "सर, वरून हवा आत येतीया. गार पत्र्याच्या अंगानं."

"असं कसं होईल मामा?"

"चला दाखवतो."

त्यांनी हीटर पहाटेच लावून ठेवला होता. वरच्या टोकाला, गार पत्र्यालगत तारेला बांधलेला लोकरीचा धागा होता. त्याचं तोंड खाली होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. मी ते पाहिलं.

"दाराची फट असेल," मी म्हणालो.

"फटीला चिंधी लावलीया. काल दिसभर हिथंच हुतो. चारी बारीला आसंच आलं." मग त्यांनी तोंडावर हात धरून मला समजावलं. "मेंढरं खिंडीतनं काढताना बघितलीत का कवा? खिंड आरुंद आसली की मागचं मेंढरू फुडच्याला रेटतं, सगळी एका अंगाला जात्यात. वाट रुंद झाली की कडंची चार माघारी वळत्यात. सावली आसंल त्या बाजूनं."

मी हसलो. "मामा, हवा म्हणजे मेंढरं नव्हेत."

"न्हाईत की. पर ह्या धाग्याचं त्वांड खाली हाय, त्येचं काय करू?"

माझ्या हातात तोवर एक सुंदर वक्र रेषा होती. बाकी सगळे बिंदू तिच्यावर बसत होते, हे चार खाली पडत होते. पुण्याचे माझे मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "परत घ्या, नाहीतर कारण द्या." परत घ्यायचं तर सगळी मांडणी बदलून पाहावी लागली असती, वाचावं लागलं असतं, दोन-तीन महिने गेले असते. प्रबंध द्यायची मुदत महिन्यावर होती आणि बढतीची मुलाखत त्याच्यामागं लगेच. मी कारण द्यायचं ठरवलं. प्रबंधात एक वाक्य घातलं: सर्वाधिक अंतराची चार निरीक्षणे सहायकाच्या निष्काळजीपणामुळे खोलीतील हवा हलल्याने वगळली आहेत. इंग्रजीत लिहिलं होतं. मामांना ते वाचता येणार नाही हा विचार माझ्या मनात आला होता. आला होता आणि त्यानं मला बरं वाटलं होतं.

प्रबंध देण्याआधी कॉलेजच्या सभागृहात सादरीकरण होतं. सगळा विभाग, वरच्या वर्गातली मुलं, बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "ही चार का सोडलीत?" विचारलं ते मराठीतच.

मी म्हणालो, "सर, ती आमच्या अटेंडंटनी एकट्यानी घेतली होती. दार उघडं राहिलं असावं. माणूस जुना आहे, पण शिकलेला नाही."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. मामा सभागृहात मागं पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरून उभे होते. दोन-तीन माना मागं वळल्या. मामांनी ट्रे बाकावर ठेवला, सावकाश, ग्लास वाजू न देता, आणि बाहेर गेले.

विभागप्रमुख शिस्तीचे होते. महिन्याभरात मामांची बदली परीक्षा विभागाच्या स्टोअरला झाली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायचे आणि फडताळात लावायचे. जायच्या दिवशी ते माझ्याकडं आले आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. तिथं ह्येचं काम न्हाई." राग नाही, टोमणा नाही. मी "मामा" म्हणालो तेवढ्यात ते निघाले होते. पुढं सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते त्या स्टोअरला होते. जिन्यात भेटले की "काय सर, बरं हाय न्हवं?" म्हणत. पण थांबत नसत. एकदा मी परीक्षेच्या कामाला स्टोअरमध्ये गेलो. खिडकी उघडी होती, डोक्यावर पंखा गरगरत होता, कागद फडफडत होते आणि मामा त्या वाऱ्यात बसून गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. मला तिथं दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबवेना.

मी डॉक्टर झालो. पुढं विभागप्रमुखही झालो. ते चार आकडे खरे होते हे मला समीनाच्या लॅपटॉपवरच कळलं असं म्हणालो तर ते अर्धसत्य होईल. मधल्या वर्षांत अशा उलट्या हवेविषयी मी इतरांचं लिखाण वाचलं होतं. वाचलं की ते पान मिटायचं, एवढंच करत आलो. समीनानं मात्र तो धागा, रंगांत का होईना, परत माझ्यासमोर आणला. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून रजिस्टर काढलं. तिच्या आलेखावर मामांचे चार बिंदू मांडले. चारही तिच्या रेषेला लागून बसले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "दार बंद. खोलीत मी एकटा. वरून हवा खाली. सरांना दाखवणे."

त्या रविवारी मी विटा, मायणी करत दहिवडीकडं गेलो. प्रबंध बरोबर घेतला होता. मामांची वाडी रस्त्यापासून आत आहे. घर पत्र्याचं, पुढं लिंबाचं झाड, चार शेरडं बांधलेली. मामा सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. शेरडांना पाणी दाखवत होते. मला पाहून बादली खाली ठेवली.

"मगदूम सर न्हवं? पोट सुटलंया तुमचं. शोभा, पावनं आलंत, च्या टाक."

शोभा त्यांची सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चहा झाला. मी प्रबंध उघडला, ते पान काढलं आणि शोभाच्या हातात दिलं. म्हणालो, "हे वाक्य मामांना वाचून दाखवा. मराठीत सांगा."

तिनं आधी मनात वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते मला चुकवता आलं नाही. तिनं सासऱ्यांना अर्थ सांगितला, निष्काळजीपणा हा शब्दही.

मामा शेरडांकडं बघत होते. "ह्ये सांगाया इतक्या लांब आलासा?"

"हो मामा. तुमचं बरोबर होतं. मी खोटं लिहिलं. तेव्हाही मला..."

"मला ठावं हाय की माजं बराबर हुतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्या दिशी बी ठावं हुतं. मला सांगून काय उपेग? ज्यास्नी ठावं न्हाई त्यांला सांगा."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"मापीचं ऱ्हाऊ द्या. रीडिंगं परत घ्या."

एकांतात माफी मागून मोकळं व्हायचं, हे माझ्या मनात होतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी टाळाटाळ केली. मग प्राचार्यांना जाऊन सांगितलं. हे प्राचार्य नवीन, वयानं माझ्याहून लहान. ते अवघडले. "सर, वीस वर्षं झाली. कोण विचारतंय आता? तुमचंच नाव खराब होईल."

"आजवर त्यांचं झालंच आहे," मी म्हणालो.

विद्यापीठाला पत्र लिहिलं. ते वाक्य खोटं आहे, ती चार निरीक्षणं खरी आहेत, ती नामदेव काळेल यांनी घेतली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. काय येईल ते येवो. जुने पत्रे वर्कशॉपच्या मागं भंगारात सापडले. हीटरची तार जळाली होती, ती समीनानं नवी भरून घेतली. मेच्या पहिल्या शनिवारी मामांना बोलावलं. मी गाडी पाठवतो म्हणालो तर ते नको म्हणाले. सुनेबरोबर एस.टी.नं आले.

त्याच सभागृहात मी सगळ्यांना जमवलं होतं. निवृत्त झालेले सहकारीही, जे आले ते. मामा पहिल्या रांगेत बसले होते, शोभा त्यांच्या शेजारी. मी काय केलं ते सांगितलं, "शिकलेला नाही" हे वाक्यही सांगितलं. दहा मिनिटं लागली असतील. टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता. एक जुने सहकारी उठून मामांजवळ गेले आणि नुसतेच उभे राहिले. मामांनीच त्यांना विचारलं, "गुडघं कसं हायती सर?"

मग मामा उठले. "चला. किती वाजल्यापास्नं चालू हाय?"

"सकाळी आठपासून," समीना म्हणाली.

खाली लॅबमध्ये दहा-बाराच जण घेतले. खिडक्या बंद. उकाडा असा की सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. मामा स्टुलावर बसले. मुलं भिंतीला टेकून उभी राहिली, मोबाईल खिशात. एक जण हळूच म्हणाला, "मामा, किती वेळ?" मामा तोंडावर हात धरून म्हणाले, "तुज्या गाडीची येळ सांग, त्याच्या आदी सोडतो." मुलं आवाज न करता हसली.

तासाभरानं मामांनी मीटर तीनदा पाहिलं, तेव्हा कुठं मान हलवली. मी वही उघडून त्यांच्या शेजारी बसलो. ते वाचणार, मी लिहिणार, पूर्वी जसं करायचो तसं.

"वरचं टोक, गार अंग," ते म्हणाले. "छत्तीस पॉइंट एक."

खोलीचं तापमान छत्तीस होतं. म्हणजे तिथं पत्र्यांबाहेरची, खोलीतलीच हवा होती, वरून आलेली. समीनानं ओठ दाबून माझ्याकडं पाहिलं. मी आकडा लिहिला आणि पुढच्याची वाट पाहू लागलो. मामा पुढचं सांगेनात.

त्या तीन वर्षांत मी लिहीत असताना मामांनी माझ्या वहीकडं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. सांगायचं आणि पुढं जायचं. आता त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. माझ्या बाजूला वाकले, मी लिहिलेल्या आकड्याखाली बोट ठेवलं आणि तो वाचला.

"हां," ते म्हणाले. "फुडचं घ्या."

एकंदर नऊ रीडिंगं झाली. नऊही वेळा ते वाकले.